तवंदी घाटातली गाडी कोणी उतरवली

भरमाण्णा मिस्त्री गेल्याचं त्याच्या मुलानं बेळगावच्या खासबागेतून निपाणीला येऊन सांगितलं. जाताना दारात थांबून म्हणाला, "काका, बाराव्याला तुमीच बोला. तवंदी घाटातली तुमची ती गोष्ट सांगा..." मी मान डोलावली. ती गोष्ट खोटी आहे.

दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. बेळगाव–निपाणी प्रवाशांची सर्व्हिस मोटार मी चालवत होतो, दुरुस्ती भरमाण्णाकडं. ब्रेकला जोर देणारा तिचा डबा कामातून गेला होता. पायाखालची दांडी कितीही दाबली तरी गाडी आपल्या मर्जीनं थांबायची. मुंबईहून नवा डबा येईना. भरमाण्णानं मोडीत निघालेल्या लॉरीचा डबा शोधून आणला. आतलं चामडं वाळून पापड झालेलं. ते काढून त्यानं विहिरीवरच्या जुन्या मोटेच्या सोंडेचं चामडं कापून बसवलं. "रोज पाण्यात भिजल्यालं हाय. ह्येच्यापरास मऊ विलायतेतबी न्हाय गावायचं," म्हणत त्याला एरंडेल पाजलं.

आमच्यात रिवाज होता, ब्रेक ज्यानं दुरुस्त केला त्यानं पहिल्या उताराला ड्रायव्हरशेजारी बसायचं. भरमाण्णा बसला. मालक निपाणीच्या नाक्यावर वाट बघत होते. रिकामी गाडी घाटमाथ्यावर आली, खालची वळणं दिसली, आणि आपला जीव मोटेच्या चामड्यावर टांगलाय हे एकदम डोक्यात शिरलं. मी गाडी थांबवली. "पोटात कळ आली."

"आत्ताच?"

"व्हय."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "कळ लई मोठी दिसतीया. तू पायवाटेनं ये सावकाश."

आणि तो एकटा निघाला... गाडी नुसती आवारात फिरवलेला माणूस! प्रत्येक वळण पार पडलं की मला ऐकू येईल असा भोंगा वाजवायचा. मी पायथ्याशी पोचलो तर हा शेजारच्या जागेवर सरकून बसलेला, घामानं निथळलेला. "बस स्टेअरिंगवर. घाटाला भ्यालेला डायवर मालक ठेवतोय व्हय रं?"

नाक्यावर हार माझ्या गळ्यात पडला. सगळ्यांत मोठ्यानं टाळ्या भरमाण्णानंच वाजवल्या. मी जन्मभरासाठी 'तवंदीचा वाघ' झालो. लग्नाकार्यात कुणी ती गोष्ट काढली की तो हळूच माझ्या हातात चिमूटभर ओवा ठेवायचा.

बाराव्याला मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं, "ब्रेकबी त्याचा आणि छातीबी त्याचीच. गाडी त्यानं एकट्यानं उतरवली."  दाराआडून त्याच्या बायकोचा आवाज आला, "मग भावजी, तुमी कसं उतरलासा?"

"चालत, वहिनी."

पहिलं हसू वहिनींनाच फुटलं. मग सगळी बैठकच हसली.

आता निपाणीच्या स्टँडवर कुणीही विचारतं, "काका, गाडीनं आलासा का चालत?" मी विचारणाऱ्याला जवळ बसवून घेतो आणि भरमाण्णाची गोष्ट पहिल्यापासून सांगतो.