गच्चीवरची आठ पावलं

त्या काळात मी तमिळ मुलखात, नुंगंबाक्कमच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि आई-बाबांबरोबर वेलचेरीत राहत होते. आमच्याच विभागातला एक तंजावरी मराठी सहकारी गिटार वाजवायचा. जेवणाच्या सुट्टीत त्यानं एक चाल बांधली, शब्द मी लिहिले आणि गायलेही मीच. सहाची गाडी, दुखणारे पाय, रिकामा डबा. गाणं इंग्रजी, मध्ये दोन ओळी तमिळ. एका लहानशा संगीत कंपनीला ते आवडलं आणि संगीत वाहिनीसाठी व्हिडिओ करायचं ठरलं.

रविवारी सकाळी आमच्याच इमारतीच्या गच्चीवर चित्रीकरण सुरू झालं. दिग्दर्शक पंचविशीतला, बोलायला गोड. त्यानं मला नीट न्याहाळलं.

"मॅडम, चष्मा काढा. चपलाही. केस मोकळे सोडा."

"गाणं कचेरीतून घरी येणाऱ्या बाईचं आहे," मी म्हटलं. "ती अनवाणी कशाला येईल?"

"थकवा दिसायलाच हवा. पण तो सुंदर दिसायला हवा."

माझा नंबर उणे नऊ. चष्मा काढला की समोर नुसता उजेड उरतो. सहकाऱ्याचं पोट सुटलेलं, म्हणून त्याचे फक्त गिटारवरचे हात घ्यायचे असं आधीच ठरलं होतं. हात घेऊन झाल्यावर तो कॅमेऱ्यामागे उभा राहिला आणि माझ्यासाठी मोजू लागला.

"अक्का, आठ पावलं. मग उभी ऱ्हा. पुढं कठडा आहे."

तेच चालणं दुपारपर्यंत पुन्हा पुन्हा केलं. सिमेंट तापत गेलं. सोमवारी टेबलाखाली चपला काढून बसले होते, तळव्यांना फोड आले होते.

व्हिडिओ दुपारचा लागायचा. आई बघायची.

"शेजारच्या बाई म्हणतात, काय हरवलेली नजर आहे मुलीची! कोणाकडे बघत होतीस गं?"

"कठडा शोधत होते, आई."

ती हसली. मलाही हसू आलं, पण अर्धवट.

पुढे एका कॉलेजात गायला बोलावलं. मी कचेरीतून तशीच गेले, वेणी, चष्मा, खांद्याला पिशवी. दारातल्या विद्यार्थिनीनं नम्रपणे विचारलं, "गायिका कधी येणार आहेत?" मीच ती, हे सांगताना मलाच अवघडल्यासारखं झालं. गायले. टाळ्या पडल्या. नंतर ती म्हणाली, "व्हिडिओत तुम्ही वेगळ्या दिसता."

दुसऱ्या गाण्यासाठी दिग्दर्शकाचा फोन आला तेव्हा मी सांगून टाकलं, "चष्मा घालून करू. आमच्या गाडीत, हातात डबा धरून."

"बघू या, मॅडम," तो म्हणाला. पुन्हा फोन आला नाही.

आठवड्याभरानं जेवताना सहकारी म्हणाला, "अक्का, अजून एकदा काढला असता चष्मा, तर काय झालं असतं?"

पहिल्या व्हिडिओत त्याच्या वाट्याला नुसते हात आले होते, आणि तेवढ्यासाठीसुद्धा तो पुन्हा तयार होता. त्याची नवी चाल चांगली होती, हेही खरं. पण पुन्हा त्या गच्चीवर जायचं म्हटलं की तळव्यांचे फोड आठवायचे.

वर्षभरात त्याची तिरुचीला बदली झाली. निरोपाच्या चहाला साहेब मला म्हणाले, "तुमचं दोघांचं गाणं होऊन जाऊ दे." घसा बसलाय, असं मी सांगितलं. घशाला काहीच झालं नव्हतं.