उजव्या हाताचा सामना

कॉलेजच्या पहिल्याच वर्षी बॅडमिंटन शिकवणाऱ्या बाईंनी रॅकेट पुढे केली आणि मी ती उजव्या हातात घेतली. घेणार नाही तर काय! साठच्या आसपासचा काळ, आणि अमरावतीतलं आमचं घर भिक्षुकाचं. तीर्थ, प्रसाद, दक्षिणा, सगळं उजव्या हातात. मी जन्माची डावरी, पण पाटीवर डाव्या हातानं रेघ जरी ओढली तरी बाबा बोटांवर पळी मारायचे.

सर्व्हिस म्हणजे पिसांचं फूल सोडायचं आणि कमरेखालून हलकेच जाळीपलीकडे घालवायचं. एवढंच! आठ दिवस झाले तरी माझी रॅकेट एकीकडे, फूल दुसरीकडे. वलगावची माझी जोडीदारीण शेतकऱ्याची पोर, जिभेला हाड नाही. ती एकदा वैतागलीच. "तू डाव्यानं खाजवतं, डाव्यानं पदर खोचतं, मंग खेळाले उजवा काहून? देवाले निवद दाखवून राहिली का?"

मी हात बदलला. पहिलंच फूल जाळीला घासून पलीकडे पडलं. अगं बाई! मला तर रडूच आलं. पुढे बाईंनी पावलं शिकवली, मागे कसं सरकायचं, मधलं फूल कुणी घ्यायचं तेही सांगितलं. अकोल्याच्या सामन्याला आमच्या जोडीची निवड झाली. तिचं लग्न ठरलं होतं, त्यानंतर कॉलेज बंद. "एक डाव जिंकून जातो मी," एवढंच तिचं म्हणणं. मी डाव्या हातानं खेळते याबद्दल घरी अवाक्षरही काढलं नव्हतं.

अकोल्यात सामना सुरू होणार, तर समोरच्या खुर्चीवर बाबा! यजमानाकडे पूजा सांगायला आले होते, म्हणाले, आलोच आहे तर लेकीचा खेळ पाहून जाऊ. कौतुकानंच आले होते बिचारे. रॅकेट कधी उजव्या हातात गेली, कळलंही नाही.

"हात बदल!" जोडीदारीण ओरडली. "अवं माय, हात बदल ना!"

ऐकलं मी. नाही बदलला. एकेक सर्व्हिस जाळीत. ती एकटीच दोघींची फुलं उचलत धावत होती, पडली, गुडघा फुटला, तरी उठली. आम्ही हरलो. हरलो कसले, मी हरवलं तिला.

बाबांनी पाठीवर हात ठेवला. "हरलीस तरी वळणानं खेळलीस हो," म्हणाले. मला ते कौतुक झोंबलं.

परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा कुठे बोलली. "तुले बापाचा भेव होता, मालूम हाय मले. पन मी तुही कोनीच नोतो काय?"

पुढच्या महिन्यात तिचं लग्न झालं. सगळ्या वर्गाला बोलावणं होतं, मला नव्हतं.