कच्च्या पपईचं दूध

माझं वय किती, हे मला त्या वेळी नीट ठाऊक नव्हतं, आजही नाही. आई सांगायची, जोंधळ्याच्या काढणीत झालीस. कोणत्या सालच्या काढणीत, ते तिनं कधी सांगितलं नाही. त्यामुळं वहिनीनं गुलबर्ग्याकडच्या बिजवराला 'पंचविशीची आहे' असं परस्पर कळवून टाकलं, तेव्हा भांडायला माझ्याकडं काही पुरावाच नव्हता. पण आरशात तिशी ओलांडलेली बाई दिसायची.

आम्ही उमरग्याचे, लिंगायत, तेलाचे व्यापारी. निजामाचं राज्य होतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी भावाच्या घरी राहत होते. आमच्यात दुसरं लग्न होतं, त्याला उडकी म्हणत. वहिनीला ती व्हावी असं फार वाटे. माझ्या भल्यासाठी की चुलीवर एकटीचं राज्य यावं म्हणून, याचा मला कधीच उलगडा झाला नाही. आणि मला काय वाटे? काही सकाळी वाटे, जावं. दुपारी जेवून आडवी झाले की वाटे, कशाला ती नसती उठाठेव!

वय तर सांगून झालं होतं, आता चेहरा त्या वयाला पोचवायचा होता. परसाच्या भिंतीपलीकडं तहसिलीतल्या पेशकाराची बायको राहायची. तिला नातू झाला होता, पण गाल पोरीसारखे. वहिनीनं भिंतीवरून गुपित विचारलं. ती हसून म्हणाली, "पपई मलो मूं पे. उमर उतर जाती."

पपईचं झाड आमच्या परसातच होतं, पण फळं हिरवीगार. वहिनी थोडीच अडते!

"वन्सं, पिकलेलं म्हंजी म्हातारं. कोवळं लावलं तर कातडी कोवळी व्हणार का न्हाय?"

मला ते पटलं. आजही विचार केला तर त्यात चूक कुठं होती ते पटकन सांगता येत नाही. तिनं बाभळीच्या काट्यानं फळाला चिरा दिल्या, ठिबकणारं पांढरं दूध वाटीत धरलं आणि माझ्या तोंडाला चांगलं जाड थापलं. थोड्या वेळानं चुरचुरायला लागलं.

"वैनी, आग व्हतीया."

"गुण येतोय. बसा गप."

मी गप बसले. संध्याकाळी तोंड सुजून लालबुंद झालं आणि गालांची सालं निघायला लागली. आरडाओरडा ऐकून पेशकाराची बायको धावत आली आणि तिनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! कच्ची क्यूं लगाए? कच्ची तो गोश्त गलाने कू डालते!"

ज्या घरात मटणाचं नावसुद्धा घेत नाहीत, तिथं कच्च्या पपईनं मांस मऊ पडतं हे कुणाला ठाऊक असणार? शेजारणीला वाटलं होतं, एवढं कोणत्याही बाईला कळतं. वहिनीनं ते ऐकलं आणि माझं तोंड तसंच सोडून आधी स्वतः आंघोळ केली. मग वाटी उकिरड्यावर फेकली आणि विभूती लावून पूजेला बसली. माझ्या गालांना लोणी लावलं ते त्या शेजारणीनं. मला राग आला होता, पण नेमका कुणाचा, तेच ठरेना.

मला बघायला येणारे पाहुणे त्यांच्या घरून निघाले होते, त्यांना थांबवायचं कसं? दुसऱ्या दिवशी पदर पुढं ओढून मला बसवलं. वारं आलं, पदर सरकला. वहिनी उन्हानं तोंड भाजल्याचं काही तरी सांगायला लागली. बिजवर मध्येच मला कानडीत म्हणाला, "उरीतैतेनु?" मग मराठीत, "जळजळतंय का?"

असं मला घरात कुणीच विचारलं नव्हतं. मी मान हलवली.

"तुमाला यायचंय का आमच्याकडं?"

हेही कुणी विचारलं नव्हतं. सगळे माझ्याकडं बघत होते. हो म्हणावं तर भीती वाटली, नाही म्हणावं तर जीव होईना. मी म्हणाले, "मला ठाव न्हाय."

तो रागावला नाही. "ठाव झालं की कळवा," म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

वहिनीनं अबोला धरला. मी रोज लोणी लावत राहिले. खपल्या गळाल्या आणि खाली खरोखरच कोवळी, गुलाबी कातडी आली. वहिनीनंच न बोलता आरसा आणून दिला. बघितलं, तर पंचविशीची दिसत होते. पण मला त्या चेहऱ्याचं काही वाटलं नाही. 'जळजळतंय का' म्हणणारा आवाज तेवढा आठवला, आणि इतक्या दिवसांचा गोंधळ एकदम निवळला. मी भावाला सांगितलं, "दादा, मला जायचंय. त्यांना कळवा."

दादा त्याच दिवशी पेठेत गुलबर्ग्याच्या गाडीवाल्यांना गाठायला गेला. परत आला तो माझ्याकडं न बघता पाय धुवायला गेला. मग तिथूनच म्हणाला, "त्यांची उडकी झाली, बाई. मागच्या सोमवारी."