आपांचा जाणता हात

शबानाचा फोन आला तेव्हा मी शाळेत वह्या तपासत होते. "बाई, आपा गेली..." एवढंच ती बोलली. शुक्रवार पेठेतल्या आपल्या दवाखान्यात रझियाआपांनी सकाळचा पहिला पेशंट तपासला, हात धुवायला उठल्या आणि बेसिनपाशीच कोसळल्या. हृदय बंद पडलं. धाकटी बहीण शबाना त्यांच्या दवाखान्यात नंबर लावायची. तिच्याच मांडीवर त्या गेल्या. दीड महिना झाला, तरी 'होत्या' लिहिताना पेन अडतं.

आमची ओळख माझ्या मानेने करून दिली. वीस वर्षं फळ्यावर लिहून ती अशी धरली होती की मागे बघायचं तर अख्खं वळावं लागे. आपा मूळच्या फिजिओथेरपिस्ट. पुढे बंगळुरूला राहून ऑस्टिओपॅथी, म्हणजे नुसत्या हातांनी सांधे-स्नायू मोकळे करण्याची पद्धत, शिकल्या. त्यात हाडं कडाकडा मोडतात असं ऐकून मी भीतभीतच गेले. त्यांनी अर्धा तास नुसते प्रश्न विचारले... झोप कशी लागते, बाळंतपणं कशी झाली, कधी पडलात का. मग उभं केलं, चालवलं, श्वास घेताना निरखलं. टेबलावर झोपवल्यावर हात ठेवला तो बरगड्यांवर. "अहो, दुखतेय मान," मी म्हटलं. "दुखते मानच, बाई. पण तिला ओढतंय दुसरंच कुणीतरी," त्या हसल्या. तो हात दाबत नव्हता, चोळत नव्हता. कान लावून ऐकावं तसा टेकला होता. एका जागी बोटं थांबली. "इथं कधी मार लागला होता?" आठ वर्षांपूर्वी मी स्कूटीवरून पडले होते आणि ते सांगायलाच विसरले होते! अंगावर काटा आला. पाच-सहा खेपांत मान मोकळी झाली. मी जादू म्हटलं की त्या रागवायच्या. "जादू नाही हं. घरी व्यायाम केला नाहीत तर परत धरेल."

म्हणून माझ्या थोरल्या भावाला, शिवानंदअण्णाला, मी वळसंगहून बोलावून घेतलं. त्याची कंबर महिनाभर धरली होती. आपांनी नेहमीसारखे प्रश्न सुरू केले आणि मध्येच गंभीर झाल्या. दोन्ही पाय बधिर कधीपासून? लघवीला त्रास? अण्णा लाजून म्हणाला, "कालपासनं होईनाच की." आपा ताडकन उठल्या.

"भाऊ, आत्ता मोठ्या दवाखान्यात जायचं. मी हात लावणार नाही."

"एवढ्या लांबनं आलो, एकदा लावून तर बघा की!" अण्णा चिडला.

"मणक्यात नस दाबली गेलीय. इथं वेळ घालवला तर पाय जातील तुमचे."

बाहेर सात-आठ पेशंट बसले होते. त्यांची माफी मागून आपा आमच्याबरोबर रिक्षात बसल्या. वाटेत फोन करून सर्जनला थांबवून ठेवलं. संध्याकाळी ऑपरेशन झालं. "उद्यावर गेलं असतं तर अवघड होतं," सर्जन म्हणाले. आज अण्णा शेतात स्वतःच्या पायांनी फिरतो. माझी मान मोकळी करणाऱ्या हातापेक्षा त्या दिवशी मागे घेतलेला हात मला फार मोठा वाटला... अजून वाटतो.

गेल्या आठवड्यात शबानाला दवाखाना आवरायला मदत करत होते. अक्कलकोटकडची एक म्हातारी काठी टेकत आली. "डाक्टरीणबाई हायत न्हवं?" शबानाने आपा गेल्याचं सांगितलं. म्हातारीने काठी भिंतीला टेकवली. मग टेबलाकडे बोट दाखवून म्हणाली, "तितं बसू का जरा?" आम्ही दोघींनी हात धरून बसवलं. तिने डोळे मिटले. "लई मायेनं म्हणायच्या... सोड की आजी श्वास, धरून काय ठेवतीस?" तिने लांब श्वास सोडला आणि आवळलेले खांदे हळूहळू खाली आले.

शबानाने घडी घातलेली चादर खोक्यातून काढली आणि तिच्या पायांवर पांघरली.