कॅशियरकाका गव्हाला पाणी देतात

बँकेत लागले तेव्हा माझी पहिली शाखा उज्जैनपासून तासाभराच्या गावात होती. रोज सकाळी देवास गेटहून बस, संध्याकाळी परत. अशा लोकांना आमच्याकडे 'अप-डाउनवाले' म्हणतात. माझ्यासोबत आमचे कॅशियरकाका असायचे. माधव नगरातलं, तीन पिढ्या नोकरीत मुरलेलं घर, आणि काकांचं स्वप्न मात्र शेतीचं. बँकेत कॉम्प्युटर येणार, स्वेच्छानिवृत्तीची योजना निघणार, अशी कुजबुज सुरू झाल्यापासून त्यांना बसमध्ये दुसरा विषयच नव्हता.

"नोकरीत आता राम नाही," ते म्हणाले. "मी सफेद मुसली लावणार. बाहेरच्या देशात मागणी आहे तिला."

भिंतींवरच्या मर्दानी ताकदीच्या जाहिरातींमुळे मुसलीबद्दल मी सगळं ऐकून होते. तरी भोळा चेहरा करून विचारलं, "पण काका, ती खातात कशासाठी?"

काका खिडकीबाहेर बघायला लागले. "ताकदीसाठी. म्हणजे... एकूणच."

"मग आईसाठी आणू का? तिचे गुडघे फार दुखतात."

"नको, नको! गुडघ्यांना नाही चालत ती."

पुढच्या सीटवरचे एक अप-डाउनवाले मास्तर तोंडावर रुमाल धरून खोकले. तेवढ्यात खालून खाडकन आवाज झाला आणि बस थांबली. ड्रायव्हरनं वाकून पाहिलं, "अब तो ये क्रेन से ही जाएगी" म्हणाला आणि बिडी पेटवली. काकांचा चेहरा उतरला. तिजोरीची एक किल्ली त्यांच्या खिशात होती, दुसरी मॅनेजरकडे, आणि दोन्ही लागल्याशिवाय तिजोरी उघडत नसे.

मागून एक ट्रॅक्टर आला. शेतकरी आमच्याच गावचा निघाला. "बैठो," तो म्हणाला, "पर दस बजे लाइट चली जाएगी, मोटर बंद. पहले गेहूँ में पानी फेरूँगा, फिर छोड़ दूँगा."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मीच म्हणाले, "भैया, ये साहब नौकरी छोड़कर खेती करने वाले हैं."

त्यानं काकांना बुटांपासून चष्म्यापर्यंत न्याहाळलं. "तो साब, आज से ही चालू कर दो."

काका माघार घेणारे नव्हते. शेतात पोचताच पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्यांनी फावडं उचललं. एक वाफा भरला की मातीनं त्याचं तोंड बंद करायचं आणि पुढच्याचं उघडायचं. पहिले दोन वाफे झकास भरले. काका लांबूनच ओरडले, "बघितलंस? यात आहे काय एवढं!"

तिसऱ्याचा बांध फुटला. पाणी शेजाऱ्याच्या लसणाकडे धावलं, काका पाण्याच्या मागं धावले आणि चिखलात चक्क मांडी घालून बसले. शेतकऱ्यानं बांध बुजवला. मी हसून हसून वाकले होते. काका मात्र उठून खिसे चाचपत होते.

"किल्ली!"

माझं हसू जागच्या जागी जिरलं. तिघंही चिखलात हात घालून शोधायला लागलो. बांधावर बसून भाजी खुडणारी शेतकऱ्याची आई आमचा धिंगाणा थोडा वेळ बघत राहिली, मग उठली. "निकलो सब! गेहूँ रौंद डालोगे." आम्हाला बाहेर काढून ती अनवाणी आत उतरली आणि पायाच्या बोटांनी हळूहळू चाचपत गेली. पाचेक मिनिटांत वाकली, किल्ली धुतली आणि काकांच्या हातावर ठेवली. "बेटा, तू तो नौकरी ही कर."

शाखेत पोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते, रांग पायऱ्यांवर आली होती आणि काका कमरेपर्यंत मातकट. मॅनेजरनी लेखी खुलासा मागितला. काकांचे हात चिखलानं भरलेले, म्हणून मीच लिहून दिला: बस बिघडल्यामुळे मिळालेल्या वेळेत सदर कर्मचाऱ्यानं प्रत्यक्ष शेतात उतरून सिंचनातल्या अडचणी समजून घेतल्या. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मॅनेजरनी कागद वाचला, काकांची पँट पाहिली आणि ओठ दाबून तो वरच्या कचेरीत पाठवला.

पंधरा दिवसांनी वरून चक्क शाबासकी आली. सोबत हुकूम, की कॅशियरनं दर गुरुवारी कृषी अधिकाऱ्याबरोबर गावोगाव हिंडावं. आता हे मला शिव्या घालणार, अशा तयारीत मी होते. त्यांनी त्याच संध्याकाळी रबरी बूट विकत घेतले.

पुढं स्वेच्छानिवृत्तीचे फॉर्म खरोखरच आले. काकांनी आपला कोराच परत केला. गुरुवारी परतीच्या बसमध्ये ते कोवळ्या हरभऱ्याची जुडी घेऊन चढायचे आणि निम्मी माझ्या मांडीवर टाकून म्हणायचे, "सोल. मी फार दमलोय."