मेलेल्याचा फोटू मोठा

पेंटरकाका मेलेल्या माणसाला कधी लहान करत नसत. पाटोद्यात श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापायचा तो त्यांच्याच दुकानात. गेलेल्याचा फोटो भलामोठा, खाली जित्यांचे चेहरे सुपारीएवढे. एकदा एक पुढारी आपला चेहरा मोठा करा म्हणून अडून बसला. काका शांतपणे म्हणाले, "सायेब, तुमचाबी लई मोठा छापू की. पण त्याची येळ यिऊ द्या."

माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून, म्हणून असले तमाशे मला फुकट बघायला मिळायचे.

पूर्वी ते ब्रशने पाट्या रंगवत. फ्लेक्स आले, पाट्यांचं काम सुटलं, तेव्हा त्यांनी कर्ज काढून मशीन घेतली. रोज सकाळी उदबत्ती आधी मशीनला, मग देवाला. "देव उपाशी निजत न्हाई बे," म्हणायचे, "आमी निजतो."

मोफत उपचारांच्या योजनेचे फ्लेक्सही त्याच पुढाऱ्याने त्यांच्याकडूनच छापून घेतले. 'मोफत' हा शब्द लालभडक, हातभर अक्षरांत. त्यामुळे छातीत कळ आली तरी काका निर्धास्त होते. मी त्यांना बीडच्या एका दवाखान्यात नेलं. दारावर तोच फ्लेक्स. काउंटरवरचा माणूस मान वर न करता म्हणाला, "योजनेचे पैसे सरकारकडून थकलेत. आधी रोख भरा." काका छाती दाबत म्हणाले, "आवो, मीच छापलंय न्हवं ते!" तो हसला. ते हसू आठवलं की आजही मला किळस येते. पुढाऱ्याला फोन लावला, तर तो 'बघतो' म्हणाला आणि नंतर त्याने फोनच उचलला नाही.

नोकरदाराला आजारपणात पगारी रजा मिळते. दुकानदाराला दुकान विकायची मुभा मिळते. काकांनी मशीन विकली. ऑपरेशन झालं, पण धंदा बसला. पुढच्या गोळ्या विकतच घ्यायच्या होत्या, म्हणून ते एक दिवसाआड घ्यायला लागले. मी रागावलो तर म्हणाले, "कावून वरडतो? मशीनला आराम द्यायचो, तसा काळजालाबी देतो."

उन्हाळ्यात ते गेले. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, दुसरीकडून छापून आणलेला. त्यावर हात जोडलेल्या पुढाऱ्याचा चेहरा परातीएवढा. मी तिथेच थुंकलो.

काकू मात्र चष्मा सावरत बराच वेळ फ्लेक्सकडे बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "ह्याच्यात हे कुठं हायत रं?"