पांढरी मुळी

डाळिंबाच्या झाडाखाली हे आज गुडघे टेकून बसले होते. ठिबकच्या नळीजवळची माती बोटांनीच हळूहळू बाजूला करत होते. मी जेवणाची पाटी घेऊन पोचले, तर म्हणाले, "अगं, बघ. पांढरी मुळी!"

होती दोऱ्याएवढीच, पण धुतल्या तांदळासारखी.

गेल्या हंगामात इथंच काळपट, गाठी धरलेल्या मुळ्या निघाल्या होत्या. डोळ्यांना न दिसणारे सूत्रकृमी त्यांच्यात घर करून बसले होते. वरची पानं दुपारी मान टाकायची, आम्हाला वाटायचं झाड तहानलंय, म्हणून आम्ही आणखी पाणी सोडायचो. मुळालाच पिता येत नाही हे कळेपर्यंत बांधाकडची अख्खी ओळ वाळून गेली. मग पाणी कमी केलं, मुळांशी औषध दिलं, ओळींमधून कृमींना आवर घालणारा झेंडू लावला आणि वाट बघत राहिलो.

माणसांचंही आपण असंच करतो. घरातलं कुणी गप्प झालं की त्याच्या ताटात जास्तीची भाकरी वाढतो. ती ओळ वाळल्यापासून ह्यांच्या ताटात ती तशीच उरायची.

"झाका आता, ऊन लागेल तिला," मी म्हणाले. ह्यांनी चिमटीचिमटीनं माती पुन्हा ओढली, हात धुतले. झेंडूच्या कडेला आम्ही जेवायला बसलो. आज मी आग्रह केलाच नाही. ह्यांनीच ताट पुढं केलं.

"चतकोर दे गं अजून."